यंत्रास काय सोपवावे?

विज्ञानकथा म्हटली की आपल्याकडील सुशिक्षित घरांत बहुधा दोन प्रकारची मते ऐकू येतात. पहिले मत असे की, हे पोरासोरांच्या करमणुकीचे वाङ्मय होय. परग्रहांवरील चित्रविचित्र प्राणी, उडत्या तबकड्या आणि बोलकी यंत्रे ह्यांत प्रौढ माणसाने वेळ का दवडावा? दुसरे मत ह्याच्या अगदी उलट. त्या मताचे लोक म्हणतात की, विज्ञानकथा ही एक प्रकारची भविष्यवाणी असून, आज जे कथेत लिहिले आहे ते पन्नास वर्षांनी दुकानात विकत मिळणार. आम्ही स्वतः आयुष्यभर पहिल्या मताचे होतो. शाळेत संस्कृत व मराठी शिकवीत असता एखाद्या विद्यार्थ्याच्या दप्तरात असले पुस्तक सापडले, तर ते आम्ही काढून घेत असू व वार्षिक परीक्षेनंतर परत करीत असू, हे येथे कबूल केले पाहिजे. आज आम्हांस ही दोन्ही मते अपुरी वाटतात. ती का, हे सांगण्याकरिता प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे. ते सांगताना आमच्या घरात नुकत्याच उपस्थित झालेल्या एका प्रश्नाची हकीकतही ओघाने येईल. कारण तो प्रश्न उद्या कोणाही वाचकाच्या घरी उपस्थित होण्यासारखा आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू एकामागून एक काढण्यात आले आणि कित्येक आठवडे वाचन बंद झाले. ज्याचा दिवस पोथीने उजाडतो व वर्तमानपत्राने मावळतो अशा मनुष्यास ही शिक्षा लहान नव्हे. त्याच सुमारास आमचा नातू पुण्याहून सुट्टीसाठी घरी आला होता. हा मुलगा अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून विज्ञानकथांचा केवळ वेडा आहे. त्याने आम्हांस रोज दुपारी एक कथा वाचून दाखवावी, किंवा परभाषेतील असल्यास तिचा सारांश सांगावा, आणि आम्ही तीवर शंका काढाव्या, असा परिपाठ पडला. त्याची मते ठाम, आमच्या शंका जुनाट. परंतु महिनाभर हा वाद चालल्यावर आमच्या ध्यानात आले की, ह्यात आम्ही शिकविण्यापेक्षा शिकण्याचेच काम अधिक केले.

पहिल्याच दिवशी आम्ही विचारले, “बाळ, तुझे हे लेखक म्हणजे आधुनिक ज्योतिषीच ना?” त्यावर तो म्हणाला, “नाही आजोबा. यंत्राचे भाकीत करणे हे ह्या लेखकांचे दुय्यम काम आहे. ते यंत्र हाती आल्यावर माणूस कसा वागेल, हा त्यांचा खरा प्रश्न.” ह्याच्या पुष्टीस त्याने दोन उदाहरणे दिली. आर्थर क्लार्क ह्यांनी १९४५ साली असे लिहिले की, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेविला तर तो पृथ्वीबरोबरच फिरेल आणि पृथ्वीवरून पाहणाऱ्यास आकाशात स्थिर दिसेल. असे तीन उपग्रह असले म्हणजे जगभर संदेश धाडता येतील. पुढे तसेच झाले. आपल्या देशात १९७५-७६ साली अशाच एका उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षण ह्या विषयांचे कार्यक्रम दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आले. “परंतु,” नातू म्हणाला, “क्लार्कांचे ते लिखाण म्हणजे गोष्ट नव्हती, एका तांत्रिक मासिकातील तो लेख होता. कथेचे काम निराळे असते. ते पाहावयाचे तर वेल्सकडे पाहावे.”

एच. जी. वेल्स ह्यांनी १९१४ साली एका कादंबरीत ‘अणुबाँब’ हा शब्द योजिला होता, ही गोष्ट आम्हांस नवीन होती. असा बाँब कसा करावा हे वेल्स ह्यांस अर्थातच ठाऊक नव्हते. परंतु तो हाती आल्यावर राष्ट्रे काय करतील, ह्याची कल्पना त्यांनी केली होती. लिओ झिलार्ड नामक हंगेरियन शास्त्रज्ञाने १९३२ साली ही कादंबरी वाचली. पुढील वर्षी लंडनमध्ये असताना अणूंच्या विघटनाची साखळी कशी चालू राहू शकेल, ही कल्पना त्याच्या मनात आली; आणि १९४५ च्या जुलैत, बाँब तयार झाल्यावर, जपानला शरण येण्याची नीट संधी दिल्यावाचून त्याचा प्रयोग करू नये, अशा विनंतीअर्जावर सह्या गोळा करणाराही तोच होता. अर्ज निष्फळ झाला. ६ ऑगस्टला हिरोशिमा जळाले. ही हकीकत ऐकून आम्ही बराच वेळ स्तब्ध राहिलो. एका कथेने शास्त्रज्ञाच्या मनात भीतीचे बीज आधी पेरावे आणि शोध मागून लागावा, असे उदाहरण आम्ही दुसरे ऐकिले नव्हते.

तथापि संस्कृत शिकलेल्या मनुष्याच्या मनात अशा वेळी एक विचार आल्यावाचून राहत नाही. तो म्हणजे, हे सारे आमच्या ग्रंथांत आधीच होते! आम्हीही तसे म्हणून पाहिले. विमानविद्येचा म्हणून जो एक संस्कृत ग्रंथ पुष्कळांच्या तोंडी असतो, त्याचा आम्ही उल्लेख केला. नातवाने शांतपणे सांगितले की, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विद्वानांनी १९७४ साली तो ग्रंथ बारकाईने तपासला; तो विसाव्या शतकाच्या आरंभी रचला गेला असून, त्यात वर्णिलेली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आम्हांस वाईट वाटले. परंतु खोटा दागिना अंगावर मिरविण्यापेक्षा मोकळ्या अंगाने राहणे बरे.

मात्र ह्या पराभवातून एक खरी गोष्ट हाती आली. काश्मिरी पंडित सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त, म्हणजे अकराव्या शतकात, राज्यधर नावाच्या सुताराची कथा आहे. राजपुत्र नरवाहनदत्त एका नगरात प्रवेश करतो. बाजार भरलेला आहे, नागरिक हिंडत आहेत. परंतु कोणी बोलत नाही. जवळ जाऊन पाहतो तो सर्व माणसे लाकडाची, यंत्राने चालणारी! एवढ्या नगरात सजीव मनुष्य म्हणावा असा एकच, आणि तो म्हणजे ती यंत्रे घडविणारा राज्यधर. त्याच्या सेवेस काही कमी नाही. तरीही अवघ्या नगरात त्याच्याशी चार शब्द बोलेल असे कोणी नाही. आम्ही ही कथा विद्यार्थ्यांस कौतुकाची म्हणून सांगत आलो होतो. नातवाने ती ऐकली आणि म्हणाला, “आजोबा, ही तर अस्सल विज्ञानकथा! ह्यात यंत्र कसे चालते ते महत्त्वाचे नाही. त्या राज्यधराला काय वाटत असेल, ते महत्त्वाचे.”

यंत्र ह्या शब्दाचा विचारही येथे करण्यासारखा आहे. धातुपाठात ‘यत्रि’ हा धातू संकोच करणे, आवळून धरणे ह्या अर्थी दिला आहे. त्यापासूनच नियंत्रण आणि यंत्रणा हे शब्द झाले. आणि संस्कृतात यंत्रणा म्हणजे पीडा. जे धरून ठेवते ते यंत्र. आता कोणी कोणास धरून ठेविले आहे, हा प्रश्न शब्दातच दडलेला आहे.

ह्याच्या जोडीला यूरोपातील एक शब्द घ्यावा. ‘रोबो’ हा शब्द आता आपल्या घरांतील पाच वर्षांच्या मुलासही ठाऊक असतो. तो कारेल चापेक ह्या चेक लेखकाच्या ‘आर. यू. आर.’ नामक नाटकातून जगभर पसरला. नाटक १९२० साली छापले गेले आणि १९२१ च्या जानेवारीत प्राग शहरी रंगभूमीवर आले. शब्द सुचविला तो चापेक ह्यांचे बंधू योसेफ ह्यांनी. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदारासाठी कुळाने करावयाची सक्तीची राबणूक. आपल्या भाषेत वेठ. म्हणजे रोबो ह्याचा सरळ मराठी अर्थ वेठबिगारी असा होतो. नाटकातील हे वेठबिगारी धातूचे नसून कृत्रिम मांसाचे, दिसावयास हुबेहूब माणसासारखे आहेत. सर्व कामे तेच करू लागल्यावर माणसांस काहीच काम उरत नाही. हळूहळू मुले जन्मास येणेही थांबते. आणि अखेर हे वेठबिगारी बंड करून मनुष्यजातीचा नाश करतात. एकटा एक वृद्ध बांधकामी ते जिवंत ठेवतात. कारण काय, तर तो त्यांच्याप्रमाणेच स्वतःच्या हातांनी काम करतो!

येथे आमच्या सौभाग्यवती, ज्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून भाजी निवडीत हे सर्व ऐकत होत्या, त्यांनी एक आक्षेप घेतला, आणि तो नोंदविणे आमचे कर्तव्य आहे. त्या म्हणाल्या, “काम गेले म्हणून रडणारे हे सगळे लेखक पुरुषच दिसतात. पहाटे चार वाजता उठून जात्यावर बसले असते, म्हणजे यंत्राची किंमत कळली असती.” आमच्या मातोश्री त्यांच्या तरुणपणची हकीकत सांगत असत. दहा-बारा माणसांच्या कुटुंबाचे दळण, विहिरीचे पाणी, चुलीचा धूर आणि वर सोवळे-ओवळे. पुढे गावात पिठाची गिरणी आली तेव्हा घरातील एकाही बाईने जात्यासाठी अश्रू ढाळला नाही. जात्यावरच्या ओव्या गेल्या म्हणून हळहळणारे आम्ही पुरुष; आम्ही त्या ऐकल्या त्या अंथरुणात पडून.

ह्या आक्षेपास नातवाने उत्तर दिले नाही. त्याने एक कथा सांगितली, आणि ती एका स्त्रीची होती. बंगालमधील बेगम रोकेया सखावत हुसेन ह्यांनी १९०५ साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या इंग्रजी मासिकात ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा प्रसिद्ध केली. तीत स्त्रियांचे एक राज्य कल्पिले आहे. तेथे स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो. चूल नाही, धूर नाही. शास्त्र शिकलेल्या स्त्रिया ढगांतून पाणी ओढून घेतात. आणि पुरुष पडद्याआड, अंतःपुरात बसतात! कथा विनोदाची आहे, परंतु विनोदाच्या आत काटा आहे. यंत्राने वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो, हे रोकेया ह्यांनी विचारले आहे. ज्या घरात मिक्सर, कुकर आणि कपडे धुण्याचे यंत्र आले, परंतु सुनेस दुपारी पुस्तक उघडावयास तास मिळाला नाही, त्या घरात यंत्र कोणासाठी आले, ह्याचा विचार प्रत्येक कुटुंबाने आपापल्या ठिकाणी करावा.

ही वाङ्मयाची शाखा परकी आहे, असा आमचा आणखी एक ग्रह होता. तोही टिकला नाही. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथांची स्पर्धा ठेविली होती. तीत ‘नारायण विनायक जगताप’ ह्या नावाने आलेल्या ‘कृष्णविवर’ ह्या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. हे गृहस्थ म्हणजे जगप्रसिद्ध ज्योतिर्विद जयंत विष्णू नारळीकर, हे मागाहून उघड झाले. ज. वि. ना. ही स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी करून ना. वि. ज. केली होती, आणि हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नी मंगलाबाई ह्यांच्याकडून लिहवून घेतली होती. नावाच्या वजनावर पारितोषिक मिळू नये, ही त्यांची इच्छा. पुढे २०२१ साली नाशिक येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस देण्यात आले, आणि २० मे २०२५ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. आकाशातील गूढे ज्यांनी आयुष्यभर उकलली, त्यांस मराठी कथा लिहिण्याची आवश्यकता वाटली, ह्यावरूनच ह्या वाङ्मयाची योग्यता आम्ही ओळखावयास पाहिजे होती.

आता ज्या कथेने आमच्या घरातील प्रश्नास वाचा फोडली, तिच्याकडे वळू. ती कथा ई. एम. फॉर्स्टर ह्या इंग्रज लेखकाची. हे गृहस्थ १९२१ साली देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार ह्यांचे खाजगी चिटणीस होते, म्हणजे एका मराठी दरबाराचे अन्न त्यांनी खाल्ले होते. परंतु ही कथा त्यापूर्वीची, १९०९ सालची आहे. तिचे नाव ‘द मशीन स्टॉप्स’. म्हणजे यंत्र थांबते.

कथेत माणसे भूमीच्या पोटात, मधमाश्यांच्या पोळ्यातील कप्प्यांसारख्या षट्कोनी खोल्यांत एकेकटी राहतात. कळ दाबली की अन्न येते, कळ दाबली की स्नानाचे पाणी येते, कळ दाबली की संगीत सुरू होते. कोणास कोणाकडे जाण्याचे कारण उरलेले नाही. हातातील एका वाटोळ्या तबकडीत हजारो कोसांवरील माणूस दिसतो व बोलतो. पृथ्वीच्या एका अंगास आई राहते, दुसऱ्या अंगास मुलगा. मुलगा तबकडीतून आईस म्हणतो की, मला तुला भेटावयाचे आहे, परंतु ह्या यंत्रातून नव्हे. आईस ह्याचे आश्चर्य वाटते. हा आपणांस दिसतो आहे, ऐकू येतो आहे; आणखी काय पाहिजे? अखेर ती मोठ्या नाखुषीने विमानात बसते. खाली हिमालय दिसतो, तर ती खिडकीचा पडदा ओढून घेते! शेवटी ते महायंत्र बिघडते, थांबते. आणि सर्व नाशाच्या क्षणी मायलेकरे एकमेकांस प्रत्यक्ष हातांनी स्पर्श करतात.

१९०९ साली आकाशवाणीही सुरू झाली नव्हती. त्या काळी लिहिलेली ही तबकडी आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात आहे. परंतु आम्ही ही कथा ऐकत असता आमच्या मनात तबकडीचे कौतुक नव्हते. आमच्या डोळ्यांपुढे २०२१ चा एप्रिल उभा राहिला होता.

त्या महिन्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमचे थोरले बंधू, ज्यांस सारे घर दादा म्हणत असे, ते गेले. रुग्णालयात कोणास आत जाण्याची मुभा नव्हती. आदल्या दिवशी तेथील एका परिचारिकेने कनवाळूपणाने मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला, आणि दादा व थोरल्या वहिनी ह्यांची पाच-सहा मिनिटे शेवटची दृष्टभेट झाली. दादांस बोलवत नव्हते. वहिनींनी एवढेच विचारले, “जेवलात का?” दादांनी मान हलविली. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, अमेरिकेत. त्यास येणे अशक्य होते. त्याने पित्याचे अंत्यदर्शन मोबाईलमध्येच घेतले, आणि तो मोबाईल हातात धरून दूर उभा होता तो हाच आमचा नातू, तेव्हा सोळा वर्षांचा. म्हणून यंत्रातून झालेली भेट ही भेटच नव्हे, असे आमच्या घरात कोणीही म्हणणार नाही. त्या पाच मिनिटांचे ऋण आमच्यावर जन्मभर आहे.

ह्यानंतर चार वर्षांनी, म्हणजे गेल्या उन्हाळ्यात, पुतण्याने एक गोष्ट सुचविली. दादा हयात असता रोज सकाळी मुलास मोबाईलवरून आपल्या आवाजात निरोप पाठवीत असत. हवा कशी आहे, नदीला पाणी किती, आज पंचांगात काय. असे शेकडो निरोप त्याने जपून ठेविले आहेत. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची अशी साधने निघाली आहेत की, थोड्याशा ध्वनिमुद्रणावरून मनुष्याचा आवाज हुबेहूब उठविता येतो, आणि त्या आवाजात यंत्र वाटेल ते बोलू शकते. प्रश्नास उत्तरही देऊ शकते. पुतण्याचे म्हणणे असे की, असे एक यंत्र वहिनींच्या खोलीत ठेवावे. ते दादांच्या आवाजात त्यांस सकाळी हाक मारील, औषधाची आठवण देईल, जेवणाची चौकशी करील, जुन्या गोष्टी बोलेल. आई एकटी पडली आहे, आपण दूर आहो, ही बोचणी त्याच्या मनात होती. आणि त्या बोचणीतूनच ही सूचना आली होती, हे आम्ही जाणतो. हे काम करण्यास योग्य मनुष्य म्हणून त्याने नातवास गळ घातली.

आम्हांस वाटले होते की, हा यंत्रवेडा मुलगा आनंदाने कामास लागेल. पण तो चार दिवस गप्प होता. मग म्हणाला, “आजोबा, हे मला एका संध्याकाळी करता येईल. करता येते म्हणूनच मला भीती वाटते. ज्या गोष्टी मी तुम्हांला महिनाभर सांगितल्या, त्यांतल्या बहुतेकांत चूक अशीच झालेली आहे. यंत्र करणारा हुशार होता, हेतूही वाईट नव्हता. फक्त ज्याच्यासाठी करावयाचे त्याला कोणी विचारले नाही.” आम्हांस त्याचा अभिमान वाटला, तो आम्ही बोलून दाखविला नाही. घरात दोन दिवस खल झाला. कोणी म्हणाले, त्यांस बरे वाटेल. कोणी म्हणाले, दुःख पुन्हा उकरले जाईल. कोणी म्हणाले, मृताच्या तोंडी शब्द घालणे हा अधर्म आहे. अखेर नातवाचेच म्हणणे मान्य करून आम्ही वहिनींपुढे गोष्ट काढली.

थोरल्या वहिनी आमच्या घरी आल्या तेव्हा आम्ही मराठी चौथीत होतो. त्यांनी आम्हांस हाताला धरून वाढविले आहे. सर्व ऐकून घेऊन त्या थोड्या वेळाने म्हणाल्या, “भाऊजी, त्यांचा आवाज मला ऐकावासा वाटत नाही, असं नाही. पण ते यंत्र मला विचारील, औषध घेतलंस का, जेवलीस का. मी त्याला काय विचारू? त्याला भूक नाही, खोकला नाही, उशीर व्हायचा नाही. त्रेपन्न वर्षं मी त्यांना विचारत आले. मला विचारणारी तुम्ही सगळी आहात. मीच आता कुणाला विचारायची राहिले नाही.” मग म्हणाल्या, “ते जे बोलून गेले, ते मला ऐकवा. जे बोलले नाहीत, ते त्यांच्या तोंडी घालू नका. आणि मुलाला म्हणावं, सकाळी तूच फोन कर. तुला झोप लागली का, ते तरी मला विचारता येईल.”

हे ऐकून आमची मान खाली गेली. दादा गेल्यापासून आम्ही सर्वांनी वहिनींची सेवा करण्यात कसूर केली नव्हती. “तुम्ही बसा, आम्ही करतो,” हे वाक्य घरात दिवसातून वीस वेळा उच्चारले जात असे. भाजी निवडावयास बसल्या की सून टोपली उचलून नेई. देवापुढे वात लावावयास उठल्या की नात धावे. चहा हातात, पाणी हातात, औषध हातात. फॉर्स्टर ह्यांच्या कथेतील ती कळ दाबताच सर्व आणून देणारी खोली आम्ही आमच्याच घरात, आमच्याच माणसांनी, बांधली होती; आणि त्यासाठी एकही यंत्र लागले नव्हते. राज्यधराच्या नगरात सेवेस काय कमी होते? चापेक ह्यांच्या नाटकातील माणसे सुखात असूनही कशाने वाळत गेली? कोणी आपली काळजी वाहावी एवढ्यानेच मनुष्याचे भागत नाही. आपणही कोणाची तरी काळजी वाहावी, ही त्याची गरज असते. यंत्र ही काळजी देण्याचा आव आणू शकेल. परंतु यंत्राची काळजी कोणी वाहू शकत नाही, कारण त्यास काही दुखत नाही.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. नातवाने दादांचे सर्व मूळ निरोप तारीखवार लावून दिले आहेत. वहिनी रोज नव्हे, परंतु सणावारी त्यांतील एखादा ऐकतात. औषधाच्या वेळेस एक साधी घंटी वाजते; ती कोणाच्याही आवाजात बोलत नाही. पुतण्या रोज फोन करतो. त्याच्याकडे तेव्हा रात्र असते, आणि वहिनी त्यास आधी जेवणाचे विचारतात, मग झोपेचे. घरातील संध्याकाळची दिवाबत्ती व भाजी निवडणे ही कामे त्यांनी परत मागून घेतली आहेत. नातू पुण्यास निघाला तेव्हा त्याचा लाडवांचा डबा त्यांनीच भरला, आणि त्यास पोहोचल्याबरोबर फोन करण्याची ताकीद दिली. तो गाडीतच झोपला व फोन करावयास विसरला, तेव्हा त्या त्याच्यावर रागावल्या. चार वर्षांत त्या कोणावर रागावलेल्या आम्ही पाहिल्या नव्हत्या.

ह्यावरून प्रत्येक घराने हाच निर्णय घ्यावा, असा आमचा आग्रह नाही. ज्या वृद्धास जगात कोणीच नाही, त्यास यंत्राच्या आवाजाने चार घटका दिलासा मिळत असेल, तर तो हिरावून घेणारे आम्ही कोण? आम्ही एवढेच म्हणतो की, नवे यंत्र घरात आणताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या. जे केवळ कष्ट आहेत, ते खुशाल यंत्रास द्यावे, आणि वाचलेला वेळ ज्याचे कष्ट वाचले त्याच्याच पदरात टाकावा. जे काम दोन माणसांस एकमेकांशी बांधून ठेवते, ते मात्र देण्यापूर्वी त्या दोघांस विचारावे. जाते गेले, ते योग्यच झाले, “जेवलात का?” हा प्रश्न जाऊ नये.

राहता राहिले विज्ञानकथेविषयी. आता आमचे डोळे बरे झाले आहेत आणि नातवाने ठेविलेली पुस्तके आम्ही स्वतः वाचीत आहो. ज्या विद्यार्थ्यांची पुस्तके आम्ही एके काळी काढून घेतली, ते आज पन्नाशीच्या आसपास असतील. त्यांपैकी कोणी हा लेख वाचीत असल्यास त्याने आपल्या जुन्या गुरुजींस क्षमा करावी. आणि त्या वेळी परत मिळालेले पुस्तक अजून घरात असल्यास, मुलांना, आणि मुलांबरोबर घरातील वडील माणसांनाही, ते वाचून दाखवावे.